चार खाटांच्या दवाखान्याची नोंदणी: फाइल नेमकी कुठे अडते

“आमची नुसती ओपीडी आहे, मागच्या खोलीत दोन खाटा आहेत त्या सलाइनपुरत्या.” फाइल घेऊन येणारे निम्मे डॉक्टर इथूनच सुरुवात करतात. रुग्णाला खाटेवर ठेवून उपचार आणि शुश्रूषा होत असेल, तर 1949 चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू होतो. त्याच्या व्याख्येत खाटांची किमान संख्या नाही. रुग्ण तपासून घरी पाठवणाऱ्या निव्वळ ओपीडीला ही नोंदणी लागत नाही. पण इंजेक्शनची सुई निघते तिथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैववैद्यकीय कचऱ्याचे प्राधिकारपत्र लागतेच. खाटा नसतील तर ते एकदाच काढायचे असते, तरीही कित्येकांकडे ते नसते.

महापालिका हद्दीत अर्ज पालिकेच्या आरोग्य विभागाकडे जातो, इतरत्र जिल्हा पातळीवर. शुल्क, नकाशा आणि कचरा उचलणाऱ्या संस्थेचा करार ही कामे आठवड्याभरात होतात. डॉक्टरांनी वैद्यक परिषदेची नोंदणी मात्र उघडून पाहावी. ती दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि संपलेली असल्याचे अनेकांना खिडकीवरच कळते.

खरी अडचण भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत मंजुरीप्रमाणे बांधली असून वापरायला हरकत नाही या दाखल्याची. जुन्या इमारतीतला भाड्याचा गाळा, बिल्डर केव्हाच गायब, सोसायटीकडे कागद नाही. मग घरपट्टीची पावती, वीजबिल, भाडेकरार असे सगळे एकत्र बांधून दिले जाते आणि फाइल परत येते. घरपट्टीने कर भरल्याचे कळते, बांधकाम मंजूर असल्याचे नाही. जागा निवासी म्हणून मंजूर असेल तर वापरबदलाचा प्रश्न वेगळाच. नगररचना विभाग आणि आरोग्य विभाग अनेकदा एकाच आवारात असतात, तरी त्यांच्यातला कागद अर्जदारालाच हातात घेऊन फिरवावा लागतो, हे मला आजही पटत नाही. म्हणून कळकळीने सांगते: गाळ्याचे डिपॉझिट देण्याआधी भोगवटा मागा. रंगकाम झाल्यावर मागून उपयोग नाही.

तारखांचे तीन घोटाळे पुन्हा पुन्हा होतात. नोंदणी तीन वर्षांची म्हणून लोक नोव्हेंबर ते नोव्हेंबर मोजतात, पण मुदत संपते 31 मार्चला. प्रमाणपत्रावरची शेवटची तारीख वाचा. दुसरा, अग्निसुरक्षेचा. यंत्रणा बसवली तेव्हाचा दाखला, म्हणजे नमुना ‘अ’, जोडून भागत नाही. 2006 च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचा नमुना ‘ब’, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीने दहा नवजात बाळे गेली. त्यानंतरही कुणी ‘ब’ला नुसता कागद म्हटले की माझा आवाज चढतो. तिसरा, कचऱ्याचा वार्षिक अहवाल. तो 30 जूनपर्यंत द्यायचा, पण त्यातले आकडे मागच्या जानेवारी ते डिसेंबरचे. हिशेबाच्या सवयीने एप्रिल ते मार्च भरलेले अहवाल मी स्वतः दुरुस्त केले आहेत.

तपासणीला येणारे अधिकारी भिंतीवरचा दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद पाहतात, तशी चालू वस्तूही पाहतात. एका लहान प्रसूतिगृहात ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला होता, पण तो उघडायची चावी वीस मिनिटे सापडली नाही. सिस्टर रडवेल्या झाल्या. चावी कपाटात, आणि कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या आयांकडे. तेव्हापासून मी सगळ्यांना चावी साखळीने सिलिंडरलाच बांधायला लावते. आणीबाणीच्या ट्रेमधली अॅड्रेनॅलिन खोक्यावर नव्हे, अँप्युलवरची तारीख पाहून महिन्याला तपासा. ऑटोक्लेव्हची, म्हणजे उपकरणे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, वही रोजच्या रोज भरा. एका बसणीत, एकाच शाईने भरलेली महिनाभराची पाने कुणालाही ओळखू येतात. वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रिकामी सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. हे डॉक्टरांना पाठ असते, पण पिशव्या मावशी बांधतात. त्यांना एकदा शेजारी उभे राहून दाखवा, आणि त्यांची हिपॅटायटिस बीची लसही चुकवू नका.

त्रुटी निघाल्या तर त्या तोंडी ऐकून घेऊन येऊ नका. लेखी मागा, प्रत्येक मुद्द्याला क्रमाने फोटोसह उत्तर द्या आणि आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा. साहेब बदलले की पुढची तपासणी त्याच प्रतीवरून सुरू होते.