ब्रिटिशांचं सिमेंट आणि बीडीडीची सळई

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या ब्रिटिशकालीन बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून थेट ५०० चौरस फुटांचं घर. बातमी वाचून फार बरं वाटलं. पण नंतर जिथे जिथे हा विषय निघाला तिथे कोणी ना कोणी म्हणालंच, ‘ते ब्रिटिशांचं सिमेंट होतं हो, शंभर वर्षं हललं नाही. आत्ताचे टॉवर बघा, वीस वर्षांत गळायला लागतील.’

माझी आत्या नायगावच्या बीडीडीत राहायची. तिच्या मोरीवरचा स्लॅब कायम सोललेला असे. करड्या काँक्रीटमधून तांबूस सळया बरगड्यांसारख्या दिसत. पोळ्या लाटताना परातीत खडा पडू नये म्हणून तिने वर प्लास्टिकचा कागद ताणून बांधला होता. त्यामुळे ‘हललं नाही’ हे मला कधीच पटलं नाही. त्या स्लॅबमध्ये नेमकं काय चाललं होतं, ते समजायला मला इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

आधी थोडा इतिहास. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या दाट वस्त्यांकडे सरकारला बघायला लावलं आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या चाळी म्हणजे बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहिले. गिरणी कामगारांची संख्या वाढत गेली तशा त्याही अपुऱ्या पडल्या. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, सुरू झालं. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवून पैसा उभारला गेला. बेत ५०,००० खोल्यांचा होता. उभ्या राहिल्या २०७ इमारती: वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी इथे. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध लांब बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या, मजल्याला २०, इमारतीत ८०, आणि मजल्यासाठी सामायिक संडास. वरळी तेव्हा इतकी लांब वाटायची की तिथल्या बऱ्याच चाळी सुरुवातीला ओस पडल्या होत्या. कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रहींना डांबायला त्यांचा तुरुंगही झाला.

जुन्या चाळींत लाकडी खांब आणि लाकडी गॅलऱ्या असत. बीडीडी चाळी आरसीसीत, म्हणजे आत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, बांधल्या गेल्या, आणि तो काळ लक्षात घ्या. पोरबंदरला देशातला एक सुरुवातीचा सिमेंट कारखाना १९१४ मध्ये सुरू झालेला. सिमेंटच्या मानाने पाणी जास्त झालं की काँक्रीटची ताकद उतरते, हा नियम अमेरिकेत डफ अब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये मांडला. म्हणजे मुंबईत हजारो खोल्यांचे स्लॅब पडत होते तेव्हा या विद्येचं वय जेमतेम होतं.

काँक्रीट दाबाला भक्कम, पण ताणाला दुबळं; ताण सोसण्याची ताकद दाबाच्या साधारण दहावा हिस्सा. ती उणीव सळई भरून काढते. उन्हात दोन्ही जवळपास सारखंच प्रसरण पावतात म्हणून त्यांचा संसार टिकतो. माझ्या दृष्टीने खरं नवल पुढेच आहे. उघड्यावर पडलेली सळई एका पावसाळ्यात तांबडी होते, मग ओल्या काँक्रीटमध्ये पुरलेली का होत नाही?

सिमेंटमध्ये पाणी मिसळलं की चिकटून घट्ट होणाऱ्या पदार्थाबरोबर चुनाही तयार होतो, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. काँक्रीटच्या बारीक छिद्रांतलं पाणी त्यामुळे तीव्र अल्कली होतं, सामू (पीएच) १२.५ ते १३. एवढ्या अल्कलीत लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिपातळ थर बसतो, काही नॅनोमीटरचा. नखाच्या जाडीच्या लाखाव्या हिश्शाएवढा. हा थर घट्ट असतो, कुठे ओरखडा आला तरी आपोआप भरतो आणि आतल्या लोखंडाला हात लावू देत नाही. म्हणजे गंजापासून सळईचं रक्षण भोवतालचा चुना करतो, काँक्रीटची ताकद नव्हे.

आता हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो छिद्रांतून आत शिरतो, चुन्याशी जुळतो आणि चुनखडी बनते. ताकद कमी होत नाही, उलट पृष्ठभाग जरा कडकच होतो. पण सामू ९ च्या खाली येतो, आणि तिथे तो रक्षक थर टिकत नाही. ही आघाडी बाहेरून आत सरकते, आणि तिचा वेग सतत मंदावतो, कारण वायूला दरवेळी आधीच चुनखडी झालेला भाग ओलांडून जावं लागतं. खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा पहिल्या वर्षी ३ मिलिमीटर. मग ४ वर्षांत ६, २५ वर्षांत १५, १०० वर्षांत ३०.

या हिशोबावर मी अक्षरशः लुब्ध आहे, कारण त्यातून कव्हर समजतं. सळईपासून काँक्रीटच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे कव्हर. ते दुप्पट केलं की सळई चौपट वर्षं सुरक्षित. वरच्याच काँक्रीटमध्ये १२ मिलिमीटर कव्हर असेल तर १६ वर्षं, २० असेल तर ४४, आणि ४५ असेल तर २२५. त्या काळी स्लॅबला अर्धा-पाऊण इंच कव्हर ही सर्रास रीत होती. आजचं आयएस ४५६, म्हणजे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक, किनाऱ्याच्या हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर मागतं.

थर गेला म्हणजे लगेच गंज लागतो असं नाही. त्याला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. मुंबईत दोन्ही पाळीपाळीने हजर असतात. पूर्ण भिजलेल्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड फार हळू सरकतो, कोरड्या छिद्रांत रासायनिक क्रिया होत नाही. मधली दमट अवस्था त्याला सर्वांत मानवते. आठ महिने कार्बन डायऑक्साइड आत चालतो, चार महिने पाऊस गंजाला पाणी पुरवतो. मोरी आणि संडासाच्या बाजूला तर बारा महिने ओल. शिवाय वरळीच्या खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड चुना शाबूत असतानाही तो थर भोसकू शकतं.

गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो. सळई आतून फुगते, आणि काँक्रीट ताणाला दुबळं हे वर सांगितलंच. आधी सळईच्या रेषेत बारीक भेग, मग हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज, मग एके दिवशी पोपडा खाली. आत्याच्या परातीच्या वर.

गवंडी यायचा, सैल भाग पाडायचा, सळईवर सिमेंटचं पाणी मारून गिलावा करायचा. दोन-तीन वर्षांनी बरोबर त्या पॅचच्या शेजारी नवा पोपडा निघायचा. गवंड्याच्या हातात खोट नव्हती. गंजणाऱ्या सळईवर बॅटरीसारखे दोन भाग पडतात. एका जागी लोखंड विरघळून इलेक्ट्रॉन सोडतं, तो धनाग्र; ते इलेक्ट्रॉन सळईतून वाहत जाऊन दुसरीकडे ऑक्सिजन आणि पाण्याला मिळतात, तो ऋणाग्र. जुना गंजणारा भाग धनाग्र होता आणि आजूबाजूच्या सळईला तो एक प्रकारे वाचवत होता. तिथे ताजं अल्कली सिमेंट भरलं की तो भाग शांत होतो, त्याचा उलट ऋणाग्र होतो, आणि ज्याला आजवर संरक्षण होतं तो शेजार धनाग्र बनून गंजू लागतो. क्लोराइड मुरलेल्या काँक्रीटमध्ये हे फार जोरात होतं. म्हणून दिसेल तेवढंच पाडून चालत नाही. सळईच्या मागपर्यंत आणि चांगली सळई दिसेपर्यंत पाडावं लागतं.

आत्याच्या एका शेजाऱ्यांना मात्र एका वास्तुतज्ज्ञाने सांगितलं की नैर्ऋत्येला पाणी असल्याने स्लॅब फुटतो. तांब्याचे पिरॅमिड भिंतीला लागले, हजारो रुपये गेले, गंज चालूच राहिला. सामू दिशा बघून बदलत नाही. एकदा वरून फवारलं की सळई कायमची सुरक्षित, असं सांगून केमिकल विकणाऱ्यांवरही मी एवढाच विश्वास ठेवीन.

मग ‘ब्रिटिशांचं सिमेंट’ यात काहीच तथ्य नाही का? थोडं आहे. तेव्हाचं सिमेंट जाडसर दळलेलं असायचं आणि सावकाश पकडायचं, त्यामुळे वर्षानुवर्षं त्याची ताकद वाढत राहायची. आजचं बारीक सिमेंट बरीचशी ताकद पहिल्या महिन्यातच गाठतं. पण वाढत गेलेली ती ताकद सळईला वाचवू शकली नाही. वाचवणारा चुना होता, आणि तो अर्ध्या इंचात किती काळ पुरणार?

चाळ पाडल्यावर आत्याच्या मुलाने मला काँक्रीटचा एक तुकडा आणून दिला. मुठीएवढा, एका बाजूला अजून निळा ऑईलपेंट. मी तो मधोमध फोडला आणि ताज्या फुटीवर शाळेच्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलीन शिंपडलं. चुना शिल्लक असेल तिथे ते गडद गुलाबी होतं. मधला गाभा क्षणात जांभळट गुलाबी झाला. ऑईलपेंटच्या बाजूने मात्र बोटभर रुंदीचा करडा पट्टा तसाच राहिला, आणि त्या पट्ट्यात, गुलाबी रेषेच्या किंचित अलीकडे, सळईचा गोल तांबडा ठसा होता.