रियाजाला शेजारी कोण बसायचं?

गेल्या आठवड्यात लेक वही घेऊन स्वयंपाकघरात आली. वहीत भूप रागातली एक बंदिश होती, सरांनी स्वतःच्या हाताने उतरवून दिलेली. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर तीच बंदिश, पण कुठल्याशा पुस्तकातल्या पानाचा फोटो. वहीतल्या ‘ध’च्या पायाशी टिंब होतं, फोटोतल्या ‘ध’च्या डोक्यावर. “आई, हा ध खालचा की वरचा?” तिने वरचा धरून म्हणून पाहिला होता आणि आवाज फाटला होता. मी सांगितलं, दोन्ही खालचेच, मंद्रातले. स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत मंद्राचं, म्हणजे खालच्या सप्तकाचं, टिंब स्वराखाली देतात, पलुस्कर पद्धतीत स्वरावर. पलुस्करांकडे वरच्या, तार सप्तकाला टिंब नसतंच, डोक्यावर उभी रेघ असते. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, भातखंड्यांकडे फुलीने दाखवतात, पलुस्करांकडे 1 या आकड्याने.

ती मान हलवून पेटीपाशी परत गेली. मला मात्र ते टिंब दिवसभर पुरलं. या वर्षअखेरीस तिची गाण्याची ‘प्रवेशिका पूर्ण’ ही परीक्षा आहे. परीक्षेचा फॉर्म, क्लासची वेळ, रियाजाला बसवताना होणारे रुसवे, हे आमच्याकडे फोंडा-माशेल भागात घरोघरी इतकं सवयीचं झालंय की ते पूर्वापार असंच चालत आलं असावं असं वाटतं. तसं नाही. गोव्यात पिढ्यान् पिढ्या मुलं गाणंवाजवणं शिकली, फार वरच्या दर्जाचं शिकली. पण रोजचा रियाज करून कुणी घ्यायचा हा प्रश्न आईबापांच्या गळ्यात पडला नव्हता. तो कधी आणि कसा पडला, त्याची ही हकिकत आहे.

सुरुवात देवळापासून करावी लागते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या भागातून देव हलवले गेले. मंगेश कुशस्थळीहून 1560 मध्ये प्रियोळला आला, इतर देवही असेच नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला आले. त्या देवळांच्या आसऱ्याने गाणं वाढलं. देवळाच्या सेवेतल्या कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांनी ते जपलं आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली, कारण गाणं देवाला चालायचं आणि गाणारीला मात्र समाज बरोबरीची जागा देत नसे. हे विसरून गोव्याच्या संगीताचं कौतुक करू नये असं मला मनापासून वाटतं.

या घरांत मूल गाणं शिकायचं म्हणजे गाण्याच्या आवाजातच वाढायचं. पण त्याच्या पुढची तालीम गोव्यात मिळेलच असं नसे. थोर गायिका केसरबाई केरकर केरीच्या, जन्म 1892. आठव्या वर्षी त्यांना कोल्हापूरला नेलं आणि तिथे त्या सुमारे आठ महिने अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या. मग परत गोव्यात. रामकृष्णबुवा वझे लामगावला येत तेव्हा त्यांच्याकडे जाऊन शिकायचं, बुवा गेले की शिक्षण थांबायचं. सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुंबई. तिथेही एक गुरू, दुसरा गुरू, मध्ये खंड. 1921 मध्ये अल्लादिया खाँसाहेबांनी गंडा बांधला, म्हणजे शिष्या म्हणून रीतसर स्वीकारलं, तेव्हा कुठे सलग तालीम सुरू झाली, ती पुढे कितीतरी वर्षं चालली. 1977 मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अंतराळात पाठवली तिच्यात त्यांची भैरवी आहे. ती ऐकताना मला दर वेळी आठ वर्षांची, घाट चढून कोल्हापूरला निघालेली मुलगी आठवते.

मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट त्याहून काटेरी. जन्म 1904, सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावचा. लेकीने मोठी गायिका व्हावं हा ध्यास त्यांच्या आईचा, जयश्रीबाईंचा. लहान मुलीला घेऊन ती माउली शिक्षक शोधत फिरली, मग चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत तिला घातलं. 1914 मध्ये आई गेली. पुढे 1919 मध्ये सांगलीत मोगूबाई एकट्या रियाज करत असताना रस्त्याने जाणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांनी तो आवाज ऐकला आणि शिकवायला सुरुवात केली. आज कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की गावाची जोती उघडी पडतात आणि जुने गावकरी तिथे जमतात. मी एकदा गेले होते. तडकलेल्या चिखलात उभं राहून मला त्या आईचाच विचार येत होता.  लेक कुणाजवळ बसली पाहिजे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कारण तालीम म्हणजे जवळ बसणं. गुरू एक जागा घेणार, शिष्याने ती तशीच म्हणायची, नाही आली तर पन्नास वेळा. पलटे, म्हणजे सरावाच्या स्वरावली, घोटणंसुद्धा गुरूच्या कानासमोर. वही नाही, पुस्तक नाही, घरचा अभ्यास हा शब्दच नाही. शिकणं आणि रियाज या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

देव जिथून हलवले त्या बाजूला, सासष्टी-बार्देशात, दुसरीच शाळा होती. इगर्जीला, म्हणजे चर्चला, जोडलेल्या शाळेत मेस्त्र, म्हणजे संगीताचा मास्तर, मुलांना आधी सोल्फेज शिकवायचा: कागदावरचे स्वर पाहून दो-रे-मी म्हणायचं, हाताने मात्रा मोजायच्या. ते पक्कं झालं की मग व्हायोलिन हातात. शिकलेलं सगळं मिसेला, लदाइनीला या प्रार्थनांना आणि फेस्ताला, म्हणजे सणाला, लगेच वापरात यायचं, त्यामुळे गळा आणि हात आपोआप चालू राहायचे. या शाळांनी वाचून वाजवणारे इतके वादक घडवले की मुंबईच्या सिनेमासंगीतातल्या वाद्यवृंदांचा कणा गोंयकार, म्हणजे गोव्याचे लोक, झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, जन्म 1927, अशाच घरातले. वडील इगर्जीत संगीत शिकवायचे, मुलगा त्यांच्याकडेच शिकला, आणि मुंबईत त्याच्याकडे प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन व्हायोलिन शिकले. इथेही पाहा, रोजची देखरेख मेस्त्राची किंवा घरातल्याच जाणत्याची.

आणि तिसरी वाट तर अजून चालू आहे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीत शिरणारा सहा वर्षांचा पोरगा कुठला ठेका शिकून येत नाही. मामाच्या मांडीला मांडी लावून बसतो, आधी टाळ, मग दोन वर्षांनी घुमट. भजनी मेळात तसंच.

मग परीक्षा कशाला आल्या? त्या आल्या तेव्हा एक खराखुरा अडसर दूर करायला आल्या. विष्णु दिगंबर पलुस्कर, जन्म 1872, कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टी अधू झाली, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. मोठे गवई झाले तरी गवयाला सभेत मान नाही, हे त्यांना सलत राहिलं. 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही संस्थानिकाच्या आश्रयाविना, लोकांच्या देणग्यांवर. फी भरा, वर्गात बसा, इयत्ता पार करा. घराणं कुठलं, जात कुठली, बाप गवई होता का, हे विचारायचं कारण उरलं नाही. ज्या घरांत मुलीने गाणं म्हणजे नाव घालवणं मानलं जायचं, त्या घरांतल्या मुली वर्गात येऊ लागल्या. वर्ग आला की अभ्यासक्रम लागतो, अभ्यासक्रम आला की लिपी लागते, आणि शिकलेलं सिद्ध करायला परीक्षा. 1931 मध्ये पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही पायऱ्यांची उतरंड आज आपण त्यांचीच चढतो.

त्याच काळात मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे उस्तादांच्या दारोदार फिरून बंदिशी उतरवून घेत होते. त्यांनी राग दहा थाटांत, म्हणजे स्वरांवरून पाडलेल्या दहा गटांत, बसवले, क्रमिक पुस्तकं छापली, 1926 मध्ये लखनौला महाविद्यालय उभं राहिलं. लेकीच्या वहीतलं टिंब त्यांचं, मोबाइलवरचं पलुस्करांचं. दोघांनी आपापल्या बाजूने एकच दार उघडलं.

इंग्लंडातही थोडं आधी असंच घडलं होतं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजने, स्थापना 1872, 1877 पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली. 1889 मध्ये तिथल्या दोन रॉयल संगीतशाळांनी मिळून असोसिएटेड बोर्ड काढलं. गावोगावच्या खाजगी शिक्षकांकडे शिकणाऱ्या मुलांना बाहेरच्या जाणकाराने ऐकावं, एकाच मापाने मोजावं, हा हेतू. आज आठ ग्रेडची ती शिडी आमच्या शेजारी पोचली आहे. भिंतीपलीकडे शेजारच्या मुलाची व्हायोलिनवर स्केल, म्हणजे स्वरांची चढउतार, चालू असते तेव्हा माझ्या लेकीचे पलटे चालू असतात. परीक्षेत त्याला तीन रचना, स्केल्स, न पाहिलेलं वाचून वाजवणं आणि कानाची परीक्षा. हिला राग, ताना, हातावर टाळी-खाली देऊन ठाय, म्हणजे मूळ लय, आणि दुगुन, म्हणजे दुप्पट लय.

गोव्यात या दोन्ही शिड्या टेकायला भिंत मिळाली ती अलीकडेच. आंतोनियो द फिगेरेदो यांनी 1952 मध्ये पणजीत आकादेमिया द मुझिका सुरू केली. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, गावोगाव मराठी शाळा निघाल्या, आणि 1970 मध्ये कला अकादमी आली. फिगेरेदोंची संस्था तिच्यातच सामावली. 1983 मध्ये कांपालला मांडवीच्या काठी चार्ल्स कोरियांनी बांधलेली तिची वास्तू पुरी झाली. एका छपराखाली तानपुरा आणि पियानो दोन्ही शिकवले जाऊ लागले. पुढे बालभवनं, रवींद्र भवनं, संगीत महाविद्यालय, आणि घरगुती क्लास तर वाड्यावाड्यावर. ज्या गोव्यातून केसरबाईंना आठव्या वर्षी बाहेर जावं लागलं, तिथे आज मूल चालत क्लासला जातं. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती परीक्षांमुळे, वर्गांमुळे शक्य झाली, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

पण या बदलात एक गोष्ट मागे सुटली. पलुस्करांच्या मुंबईच्या विद्यालयात पुढे शिक्षक होणारे शिष्य वर्षानुवर्षं त्यांच्याजवळ राहत. उठणं, रियाज, जेवण सगळं नेमाने, गुरूच्या नजरेसमोर. त्यांच्या हाताखाली ही माणसं घडली ती निव्वळ अभ्यासक्रमावर नव्हे. पुढे शाळा पसरल्या तेव्हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला, लिपी पोचली, प्रमाणपत्र पोचलं. नजर पोचली नाही, पोचणं शक्यही नव्हतं. आठवड्यात दोन क्लास, प्रत्येकी तास. उरलेले पाच दिवस मूल घरी. तिथे पलटे घोटताना शेजारी बसायची गुरूची, मेस्त्राची, मामाची जागा रिकामी पडली आणि कुणी न सांगता ती आईकडे आली. बहुतेक आयांना गाणं येत नाही.

हे मला लेकीच्या पहिल्या क्लासने शिकवलं. तिथे वर्षभर परीक्षेपुरतेच राग, परीक्षेपुरत्याच ताना. प्रवेशिका प्रथमला पहिला वर्ग मिळाला, पेढे वाटले. त्याच चवथीला काकांनी आरतीला पेटी धरली ती काळी दोन या पट्टीत. ही काळी पाचला गायची. तिला सूरच सापडेना. आरती संपेपर्यंत ओठ मिटून उभी राहिली, मग आत जाऊन रडली. त्यात तिचा काय दोष? रोज एकाच पट्टीत, एकाच ठेक्यावर, तेच तेच पाठ केलं होतं. आणि मी घरी बसून काय करत होते, तर किती वेळा म्हटलं ते मोजत होते. मला वाटायचं, रियाज करून घेणं म्हणजे घड्याळ लावणं.

क्लास बदलला. नवे सर पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “तुम्ही चूक काढू नका, ती मी काढीन. तुम्ही नुसत्या ऐका.” तेवढंच सांगितलं. आता संध्याकाळी दिवा लावून झाला की ती ॲपवरचा तानपुरा सुरू करते, मी नारळ खवायला घेऊन तिथेच बसते. पहिली पाच मिनिटं नुसता सा. मग पलटे, आठवड्यातून एक दिवस काळी चारमध्ये, एक दिवस काळी तीनमध्ये. मग परीक्षेतला राग. शेवटी एक काहीतरी अभ्यासक्रमाबाहेरचं, तिच्या आवडीचं, बहुतेक वेळा एखादा अभंग. सूर घसरला तर मी मान वर करत नाही. ती आपणच थांबते, परत घेते. कधीकधी विचारते, “आत्ता लागला ना गं?” मला खरोखरच कळत नसतं, तसं सांगते, मग ती तानपुऱ्याला कान लावून स्वतःच ठरवते.

शेजारच्या मुलाच्या आईला मी हे सांगितलं. ती हसून म्हणाली, तिच्या सासूबाई असंच करायच्या. सोल्फेज त्यांना यायचं नाही, पण मुलगा वाजवत असताना त्या जपमाळ घेऊन बाजूच्या बाकावर बसायच्या, आणि तो थांबला की त्याही थांबायच्या.

परवा रियाजात भूपातला तो मंद्र ध पुन्हा आला. लेकीने वहीतलं टिंब तसंच ठेवलंय, पण समोर पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलंय: खालचा.