लेखापरीक्षण आणि अपहाराचा तपास : सोलापूरच्या वाणिज्य शिक्षणाची पार्श्वभूमी

सोलापुरात कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या त्या 1870च्या दशकात. गिरण्यांबरोबर कीर्द-खतावणी सांभाळणारा कारकूनवर्गही वाढला. 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, 1949 मध्ये सनदी लेखापालांचा. इथले बी.कॉम. पुढे बरीच वर्षे कोल्हापूरच्या विद्यापीठाचे होते. 2004 पासून जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ आहे.

अभ्यासक्रम कितीही बदलले तरी लेखापरीक्षणाच्या पुस्तकांतून एक निकाल हललेला नाही. तो 1896 चा, इंग्लंडमधल्या एका कापडगिरणीचा. तिच्या व्यवस्थापकाने काही वर्षे कापूस आणि सुताचा साठा फुगवून दाखवला. कागदावर नफा वाढला आणि त्यातून लाभांशही वाटला गेला. लेखापरीक्षकांनी व्यवस्थापकाचा दाखला ग्राह्य धरून साठ्याचा आकडा ताळेबंदात घेतला. आरंभीचा साठा, खरेदी आणि विक्री यांचा मेळ घातला असता तर लबाडी उघडी पडली असती. तरीही न्यायालयाने त्यांना जबाबदार धरले नाही. लेखापरीक्षक हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे, हे वाक्य तिथले.

परीक्षेत हेच लिहून गुण मिळतात. पण संशयाला जागा दिसली की लेखापरीक्षकाने तळापर्यंत जायला हवे, हेही त्याच निकालात आहे, आणि तेवढा भाग उत्तरपत्रिकेत क्वचितच उतरतो. लेखापरीक्षण एका पेपरात आणि घोटाळ्याचा तपास दुसऱ्या अभ्यासक्रमात, ही फारकत या अर्ध्या वाचनातून पक्की झाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोलापूरसाठी ही फारकत अधिकच गैरलागू आहे. इथला पैसा साखर कारखाने, सूतगिरण्या, पतसंस्था आणि नागरी बँका अशा सहकारातून फिरतो, आणि सहकाराचा कायदा लेखापरीक्षकाला नुसते राखण करू देत नाही. 1960 च्या राज्य कायद्याच्या आजच्या कलम 81 प्रमाणे हिशेबात गुन्हा आढळला तर त्याने पंधरा दिवसांत सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे विशेष अहवाल द्यायचा आणि लेखी परवानगी घेऊन फिर्यादही नोंदवायची. पुढे कलम 83 ची चौकशी आणि कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करणे. बोगस कर्जखाती, बेनामी जामीनदार, गोदामात नसलेले तारण हे शब्द त्यामुळे इथल्या तपासनिसांच्या रोजच्या बोलण्यातले. 2013 च्या दुरुस्तीने लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेकडे गेला. शासनाने मान्य केलेल्या लेखापरीक्षकांच्या यादीतून (नामतालिकेतून) का होईना, पण संस्थाच आपला तपासनीस निवडू लागली. स्वायत्ततेचा हा विजय मानणारे अनेक आहेत. मला त्यात धोका जास्त दिसतो.

कंपन्यांच्या बाजूला जाग उशिरा आली. 1992 चा रोखे घोटाळा झाला. जानेवारी 2009 मध्ये हैदराबादच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षाने 7,000 कोटी रुपयांहून मोठ्या गैरव्यवहाराची कबुली दिली. बँकेतली शिल्लक फुगवलेली होती, आणि दाखल्यावर विसंबण्याची तीच जुनी चूक इथेही घडली. 1896 ला साठ्याचा दाखला, 2009 ला बँकेचा. त्यानंतर 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 143(12) आले. आता एक कोटी रुपये किंवा त्याहून मोठी फसवणूक दिसली तर लेखापरीक्षकाला केंद्र सरकारला कळवावे लागते. कलम 447 मध्ये दहा वर्षांपर्यंत कैद आहे. 1 जुलै 2023 पासून न्यायवैद्यक लेखांकनाची, म्हणजे घोटाळ्याचा पुरावा शोधणाऱ्या हिशेब-तपासाची (फॉरेन्सिक अकाउंटिंग), स्वतंत्र मानकेही लागू झाली.

2022 मध्ये सोलापुरातल्या एका जुन्या सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. भांडवल अपुरे आणि कमाईची शक्यता नाही, असे कारण दिले गेले. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण होते. त्यावरच्या रकमेला नाही. असे दिवस पाहिलेल्या शहरात घोटाळ्याचा तपास हा विषय ऐच्छिक राहू नये.

या कामाकडे जाणाऱ्या वाटा आज तीन आहेत. सनदी लेखापालांसाठी त्यांच्याच संस्थेचा न्यायवैद्यक लेखांकनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, 1988 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या फसवणूक-तपासनिसांच्या संघटनेची (ACFE) परीक्षा, आणि सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि लेखाशास्त्राची शासकीय पदविका. तिसरीला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, आणि अनुभवाची अट पुरी केली की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे दार उघडते.