हिरवं दिसलं म्हणजे सावरलं का?

खाणकाम संपल्यावर जमीन खरंच सावरली का, हे ओळखायचं कसं? अमेरिकेत १९७७ साली उघड्या कोळसाखाणींसाठी कायदा झाला. खाणवाल्याने आधी हमीची रक्कम भरायची, खणून झालं की जमिनीचे चढउतार साधारण पूर्वीसारखे करायचे आणि तिच्यावर कायमचं वनस्पती आच्छादन उभं करायचं. मगच पैसे परत. पावसाळी भागात ही जबाबदारी पाच वर्षांची, कोरड्या भागात दहा. ढिगारे उघडे टाकून निघून जायची सवय त्याने मोडली, हे श्रेय द्यायलाच हवं.

पण तपासणीत मुख्य भर होता तो जमीन किती झाकली गेली यावर. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलेशियन डोंगरांत याचा परिणाम दिसला. उतार घसरू नये म्हणून बुलडोझरने माती घट्ट दाबली गेली आणि वर झपाट्याने पसरणारं परदेशी फेस्क्यू गवत पेरलं. तपासणी पार पडली. मूळच्या रुंदपानी जंगलातल्या झाडांची मुळं मात्र त्या मातीत शिरेनात, आणि जी रोपं तगली त्यांना गवताने वर येऊ दिलं नाही. नियमात बसवलेली हिरवळच जंगलाच्या वाटेत आली! २००४ पासून तिथे उलटा सल्ला दिला जाऊ लागला: वरची किमान चार फूट माती सैल ठेवा, गवत बेताने पेरा.

ब्रिटनमध्ये परिसंस्थांचे अभ्यासक ॲन्थनी ब्रॅडशॉ यांनी दुखणं मुळापाशीच शोधलं होतं. खाणीच्या मातीत नायट्रोजन जवळपास नसतो. तो साठत नाही तोवर खतावर पोसलेलं गवत खत थांबलं की खंगतं. म्हणजे तपासायचं ते माती स्वतःचं पोट भरू लागली का.

ऑस्ट्रेलियात हाच धागा पुढे गेला. पश्चिमेकडच्या जॅरा (निलगिरीच्या कुळातलं झाड) जंगलातल्या बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाच्या, खाणींवर १९८८ पर्यंत बाहेरची झाडंही लावली जात. नंतर स्थानिक जातींवर भर आला. संशोधक जोनाथन मेजर तिथे मुंग्या मोजत होते. कोणत्या जातीच्या मुंग्या परतल्या, यावरून बाकीच्या जीवसृष्टीचा अंदाज बांधता येतो. दुसरे संशोधक डेव्हिड टाँगवे यांनी कुरणांसाठी बसवलेली पद्धत खाणींवरही आली. तीत पृष्ठभागाची स्थिरता, पाणी मुरणं आणि पोषकद्रव्यांचं चक्र पाहतात. एक चाचणी तर अगदी घरगुती वाटावी अशी: सुकं ढेकूळ पाण्यात टाकायचं आणि ते किती लवकर विरघळतं ते बघायचं.

२००४ च्या सुमारास परिसंस्था-पुनरुज्जीवनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सावरलेल्या परिसंस्थेची नऊ लक्षणं मांडली. तुलना करायची ती जवळच्या, न खणलेल्या जंगलाशी किंवा कुरणाशी. हे म्हणणं सोपं, करणं अवघड. शेकडो वर्षांच्या जंगलाशेजारी दहा वर्षांची लागवड कायम खुजीच दिसणार. म्हणून आता एका वेळच्या आकड्यापेक्षा वर्षानुवर्षांचा कल पाहतात.

त्यासाठी जमिनीची चित्रं टिपणाऱ्या अमेरिकी लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रं कामी येतात. त्यांतला हिरवेपणाचा निर्देशांक लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या फरकावरून काढतात. पण घुसखोर झुडपांचं रान आणि मूळचं जंगल यांतला फरक तेवढ्या आकड्यावरून कळत नाही.