दूध न पुरण्याची चिंता

आपले दूध बाळाला पुरत नाही, असे अंगावर पाजणाऱ्या आईला वाटत राहणे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ही चिंता विशेष जाणवते. वरचे दूध लवकर सुरू करण्यामागे आया सर्रास सांगतात ते कारणही हेच. यातल्या पुष्कळ जणींना दूध पुरेसे येत असते.

चिंतेची वेळ बहुधा दिवेलागणीची. बाळ किरकिरते, अंगावर घेतले की चार घोट पिते, तोंड सोडते, मुठी आवळून पुन्हा रडते. तासाभरात चौथ्यांदा पाजून झालेले असते. बघायला आलेली मावशी सहज म्हणून जाते, ‘अगं, पोट भरत नसेल त्याचं. दूध येतंय ना नीट?’ बाळंतिणीच्या मनात ते वाक्य रात्रभर घोळत राहते. खरे तर लहान बाळे संध्याकाळी अशी लागोपाठ पितातच. दुसऱ्या-तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढीच्या भरात ही भूक आणखी वाढते. साधारण तेव्हाच छाती पूर्वीसारखी दाटून येईनाशी होते आणि आईला वाटते, दूध आटले. प्रत्यक्षात शरीराने बाळाच्या मागणीचा अंदाज घेतलेला असतो. पंपाने काढल्यावर बाटलीच्या तळाशी दिसणारे थोडेसे दूध हाही पुरावा नव्हे. बाळ ओढते तसे पंपाला ओढता येत नाही.

दूध तयार करते प्रोलॅक्टिन हे संप्रेरक; रात्री ते जास्त स्रवते, म्हणून रात्रीचे पाजणे मोलाचे. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे. गाय पान्हा चोरते असे आपण म्हणतो. तसे ताण, वेदना आणि धास्ती यांनी बाईचाही पान्हा काही वेळ अडतो, दूध आत असूनही. शिवाय स्तन जितका रिकामा होतो तितके दूध भराभर बनते. म्हणूनच घाबरून दिलेली वरच्या दुधाची बाटली घातक ठरते: बाळ भरल्या पोटी झोपते, अंगावरचे एक पाजणे चुकते आणि दूध खरोखरच कमी होऊ लागते.

रडण्यापेक्षा लंगोट जास्त खरे बोलतो. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची शू होणे ही भरवशाची खूण आहे. जन्मानंतर वजन थोडे उतरते, ते दहा ते चौदा दिवसांत भरून यावे. पुढे रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात आणि काट्यावर वजन करतात. मावशीच्या अंदाजापेक्षा त्या काट्यावर विश्वास ठेवावा.

दूध वाढावे म्हणून आपल्याकडे अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, शतावरी कल्प देतात. यांनी दूध किती वाढते याचा ठोस पुरावा तोकडा आहे. तरी कुणीतरी गरम खिरीची वाटी हातात देऊन ‘तू खा, मी बाळाला घेते’ म्हणते, त्या अर्ध्या तासाच्या विसाव्याची किंमत मोठी आहे. मात्र पाजण्याऐवजी लाडू, असे होऊ नये.

काही जणींना दूध खरोखर कमी येते. थायरॉईडचे विकार, प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणे, स्तनांवरची शस्त्रक्रिया किंवा स्तनग्रंथींची अपुरी वाढ ही त्याची कारणे असू शकतात. कधी दोष फक्त पकडीचा असतो: बाळ बोंडीच चोखते, भोवतालचा काळसर भाग तोंडात घेत नाही. ती पकड जाणकार परिचारिकेने शेजारी बसून सुधारून द्यावी लागते. शू कमी आणि गडद होत असेल, बाळ सुस्त पडून पाजायलाही उठत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अशा वेळी वरचे दूध देणे गरजेचे ठरू शकते. त्यात आईचा काहीही अपराध नाही. अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दात्या मातांचे दूधही मिळू शकते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली.