कासचं कुंपण आणि साताऱ्याच्या कॅमेरेवाल्यांचं वर्ष

सप्टेंबरातल्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. साताऱ्यात निसर्ग छायाचित्रण म्हणजे कासचं फुलांचं पठार, हे समीकरण आता इतकं पक्कं झालंय की ते कायमचंच असावं असं नव्या मंडळींना वाटतं. प्रत्यक्षात ते गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं. त्याआधी या छंदाला बाराही महिन्यांचं वेळापत्रक होतं आणि कासच्या वाट्याला त्यातले चार-सहा आठवडे यायचे.

फार मागचं सांगण्यासारखं थोडंच आहे. १९८५मध्ये कोयना आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर, ही दोन्ही अभयारण्यं जाहीर झाली. तेव्हा हातात फिल्मचा कॅमेरा असायचा, रोल छत्तीस फोटोंचा, आणि स्लाइडचा रोल तर आणखी महाग. धुकं उतरलं की बोट शटरवरून काढून घ्यायचं, एवढी काटकसर अंगवळणी पडलेली.

वर्षभराचं वेळापत्रक बसलं ते जिल्ह्याच्या पावसामुळे. महाबळेश्वरात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावात ५००च्या आसपास. त्यामुळे दर ऋतूला दिशा बदलायची. पावसाळ्यात पश्चिमेकडे ठोसेघर, चाळकेवाडी, बामणोली. थंडीत उलट पूर्वेकडे, मायणीच्या तलावावर पट्टकदंब, चक्रवाक आणि रोहित (फ्लेमिंगो) हे पक्षी बघायला. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर आणि पळस, त्यांच्यावर मधाला जमणारी पाखरं. वळवाच्या सुमारास काजवे. मायणीचं गणित नाजूक आहे. रोहितला उथळ पाणी आणि चिखल लागतो. तलाव तुडुंब असला तर तो थांबत नाही, आटला तर येतच नाही. त्यामुळे खटावातल्या एखाद्या ओळखीच्याला आधी फोन करायचा आणि मगच गाडी काढायची, अशी रीत होती.

डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले आणि गर्दी वाढू लागली. पण खरा सांधा बदलला तो २०१२मध्ये, पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा यादीत जागा मिळाली तेव्हा. त्यात कास होतं. सातारा शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पतींची नोंद, आणि रस्ता थेट पठारावरून जाणारा. माणसं लोटली. फुलांत लोळून फोटो काढले गेले, गाड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट कातळावर, चढल्या, तेरडा उपटून गजऱ्यासारखा माळला गेला. त्यावर उपाय म्हणून पठाराला लोखंडी जाळीचं कुंपण आलं. सोबत प्रवेश शुल्क, ऑनलाइन बुकिंग, रोजच्या संख्येवर मर्यादा आणि आखीव पायवाटा.

या कुंपणावर जितका वाद झाला तितका जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या वारसास्थळावर झाला नसावा. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. जांभ्यावर मातीचा थर काही बोटांचा, त्यावर हजारो पायांचा भार पडला तर उगवणार काय? ते खोटं नव्हतं. पण जाळीने पर्यटकांबरोबर गुरंही बाहेर ठेवली, आणि इथेच गुंता झाला. कास, आटाळी, एकीव, कासाणीची जनावरं या सड्यावर पिढ्यान्‌पिढ्या चरत आली होती. ती गवत खुडत, त्यामुळे जमिनीलगतच्या रोपट्यांना ऊन मिळे. चराई थांबल्यावर गवत माजलं आणि त्याखाली बारकी फुलं दबली, असं गावकरी आणि काही अभ्यासक सांगू लागले. वन्यप्राण्यांची वाट अडली, हाही आक्षेप होता. दुसऱ्या बाजूचं उत्तर असं, की फुलोरा कमी-जास्त होतो तो पावसाच्या ताळतंत्राने, जाळीला दोष देऊ नका. दोन्हींत तथ्य असेल. तरी गावच्या गुराख्याला आधी विचारलं असतं तर निम्मा वाद टळला असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

या सगळ्या चर्चेत छायाचित्रांचं काय झालं हे कुणी फारसं बोललं नाही. सीतेची आसवं घ्या. निळसर जांभळं फूल, करंगळीच्या नखाएवढं, मधोमध पांढरे ठिपके. ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात, त्यात सूक्ष्म जीव अडकतात आणि वनस्पती त्यांच्यावर पोसते. त्याचा फोटो घ्यायचा तर अंगाखाली खताचं रिकामं पोतं टाकून पालथं पडावं लागतं, कोपर कातळावर टेकून, श्वास रोखून. पायवाटेवर उभं राहून हे जमत नाही. उभ्याने जमतो तो गालिचा: खाली तेरड्याचा जांभळा पट्टा, मधे सोनकीचा पिवळा, वर ढग. बघता बघता कास म्हणजे गालिचा झालं. पाणथळीतला वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, त्याची गुलाबी दुफाटी कणसं किंवा दवबिंदू या कीटकभक्षी रोपाच्या चिकट केसांवर अडकलेलं चिलट, असे फोटो दुर्मीळ झाले. उजेड बघून निघायचे दिवसही गेले, बुकिंगची वेळ बघून निघावं लागतं.

दशकभराने जाळी हटवली गेली. पहारा आणि बुकिंग राहिलं. पण तोवर जाळीला कंटाळलेले कॅमेरे इतर सड्यांवर पोचले होते, जिथे ना पहारा ना पायवाट. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखालचा सडा त्यातलाच. तिथली नासधूस कासपेक्षा कमी नाही, फक्त मोजायला कुणी नाही. म्हणून जुनी मंडळी हल्ली फोटोखाली ठिकाण लिहीत नाहीत. कारवी फुलल्याची बातमी तर अगदी आतल्या गोटात फिरते. सात-आठ वर्षांनी एकदा येणारा फुलोरा एका रविवारी तुडवला जावा, हे त्यांना नको असतं. घरट्यांच्या बाबतीत हा नियम आणखी कडक. अंड्यांवरच्या पक्ष्याचा फोटो टाकला तर गटातून काढूनही टाकतात.

दरम्यान मायणीला २०२१मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. फुलांचा हंगाम संपल्यावर कॅमेरा कपाटात ठेवणारे काही जण आता डिसेंबर-जानेवारीत पूर्वेची वाट धरू लागले आहेत. अर्थात तलावात पाणी किती आहे, ते विचारूनच.