जनरेटर घेताना मोटरचा पहिला सेकंद बघा

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, पोल आडवे झाले आणि रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. अंधारात एकवेळ माणूस राहतो, पण कोकणात बऱ्याच घरी पाणी विहिरीतनं मोटरने चढतं, म्हणजे लाईट गेली की नळही कोरडा. म्हणून तिकडे घरात छोटा जनरेटर असावा असं मला मनापासून वाटतं, फक्त घेताना लोक सगळ्या वस्तूंच्या वॅटची बेरीज करतात आणि तेवढ्याचाच उचलतात, तिथे गणित फसतं.

बल्ब, चार्जर वगैरे लिहिलेत साधारण तेवढेच वॅट घेतात. मोटरचं तसं नाही. ती फिरायला लागली की फिरण्यामुळेच तिच्या आत विजेचा उलटा दाब तयार होतो आणि तो करंटला आवरून धरतो, पण बटण दाबलं त्या क्षणी ती उभीच असते, अडवणारं काही नसतं, म्हणून पहिला एखादा सेकंद नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढला जातो. महावितरणच्या लाईनवर बल्ब जरासा मंद होतो आणि विषय संपतो. छोट्या जनरेटरचं व्होल्टेज मात्र तिथेच कोसळतं, आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो, म्हणजे व्होल्टेज 70 टक्क्यांवर आलं की जोर निम्माच उरतो, मग मोटर नुसती हूंऽऽ करत बसते, फिरत नाही, आणि तो सगळा करंट वाइंडिंग तापवत राहतो. असा आवाज आला की लगेच बंद करा, नाहीतर मोटर जळते.

साधं घर धरू. 75 चे तीन पंखे, 9 चे सहा एलईडी, मोबाईल-वायफाय, झाले 300 वॅट. फ्रिज चालताना 150 च्या आसपास, पण कॉम्प्रेसर सुरू होताना हजार धरा (इन्व्हर्टर फ्रिज हळू सुरू होतो, त्याला एवढं लागत नाही). एकूण 1300. जनरेटरचा मॅक्सिमम नाही, रेटेड केव्हीए (म्हणजे तो सतत देऊ शकतो ती ताकद) बघायचा आणि वॅट काढायला 0.8 ने गुणायचं, म्हणजे 2 केव्हीएचे 1600 वॅट, पुरतात.

आता 1 एचपीची मोटर घाला. 746 वॅट हे शाफ्टवर मिळणारं काम, ती ओढते 1100 च्या आसपास आणि सुरू होताना वॅट (करंटइतके वाढत नाहीत, पण) निदान तिप्पट धरायचे, 3300. वर ते 300, म्हणजे 5 केव्हीए लागला, तोही फ्रिज बंद ठेवून. आधी मोटर, टाकी भरली की ती बंद, मग फ्रिज. विहीर उथळ असेल तर माझ्या मते अर्धा एचपीची मोटर बसवा, 3 केव्हीएत भागतं. उगाच मोठा घेऊ नका, मोठं इंजिन नुसत्या पंख्यांसाठी फिरतानाही पेट्रोल पितं, आणि छोट्या पेट्रोल जनरेटरमधून लिटरला दीड-दोन युनिटच्या वर सहसा निघत नाही.

जनरेटर घरात, पडवीत नको, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. आणि घराच्या सॉकेटमध्ये वायर खुपसून सगळं घर चालवायचं तर अजिबात नाही. तो करंट मीटरमधून उलटा डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जातो, 230 चे 11 हजार व्होल्ट होतात आणि बंद लाईन समजून पोलवर चढलेला वायरमन त्याला चिकटतो. म्हणून घर एकतर लाईनला नाहीतर जनरेटरला जोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचचे पैसे जनरेटरच्या किमतीतच धरा.